लाल्या-पांड्या आणि पाटलाची मिशी

"आमच्या गावात एक जरी जीव झिंगलेला दिसला ना साहेब, तं ह्या मिशा उतरवून तुमच्या टेबलावर ठेवतो!"

इस्तारी पोलीस पाटलाने ठाण्यातल्या भर बैठकीत, अठ्ठावीस गावांच्या पोलीस पाटलांदेखत ही घोषणा ठोकली. आणि त्या मिशा म्हणजे काही साध्यासुध्या नव्हत्या! तेवीस वर्षं खोबरेल पाजून वाढवलेल्या, दोन्ही टोकांवर लिंबू ठेवावं अशा!

नवीन ठाणेदार साहेबांनी रजिस्टरातून मान वर केली. "बरं. गुरुवारी येतो. खात्री पटली तर 'दारूमुक्त गाव' हा फलक तुमच्या वेशीवर लावू. नाही पटली, तर फलक शेजारच्या गावाला."

इस्तारी छाती फुगवून घरी आला आणि बायकोपुढे त्या छातीतली सगळी हवा गेली. कारण गावातली दारू खरी बंद केली होती ती वच्छलाने. ती आणि तिच्या वीस बाया गळ्यात शिट्ट्या अडकवून नाल्यानाल्याने फिरायच्या. कुठे भट्टीचा धूर दिसला की शिट्टी फुंकायची, ठाण्यात फोन लावायचा आणि पोलीस येईस्तोवर जागा सोडायची नाही! या सगळ्यात इस्तारीचा वाटा म्हणजे मिशीला पीळ देत मागे उभं राहणं.

"दोन वर्षं आमी बाया काट्याकुट्यात फिरून राह्यलो, अन् पैज लावाले तुमी!" वच्छला कडाडली.

"पैज माझ्या मिशीची आहे. तुले काऊन राग येते?"

"मिशी पुन्हा उगवते जी! फलक नाई उगवत!"

बुधवारी सकाळी नाल्यावर पुन्हा शिट्टी वाजली. पळसाच्या पाल्याखाली मोहफुलाच्या सडव्याचे तीन ड्रम सापडले. सडवा म्हणजे दारू गाळण्यासाठी पाण्यात सडत ठेवलेली फुलं. मालक केव्हाच पसार! डोमा जमादार मोटारसायकलवर आला, त्याने पंचनामा लिहिला, फोटो काढले आणि बायांनी ड्रम उलटे केले. पाणी रेतीत जिरलं. फुलांचा ढीग तेवढा उरला.

"पाटील, हा चोथा गड्ड्यात पुरून टाका," असं सांगून डोमा जमादार गेला. बायाही गेल्या.

इस्तारी फावडं घेऊन उभा राहिला. फुलं कशी टपोरी! इथे ज्याच्या दावणीला बैल आहे तो त्यांना ताकदीसाठी मोहफुलं चारतोच. इस्तारीचा बाप चारायचा, आजा चारायचा. आणि उद्या ठाणेदार साहेबांना फाट्यावरून स्वतःच्या बंडीत, म्हणजे बैलगाडीत, बसवून आणायचा इस्तारीचा बेत होता. पण धानाच्या मळणीने त्याच्या बैलजोडीच्या, लाल्या-पांड्याच्या, फासळ्या वर आल्या होत्या. साहेबांसमोर ते कसे दिसणार?

'दारू तर वाहून गेली. राहिलं ते फूल! फुलाचा काय गुन्हा?' असा निवाडा पाटलाने मनातल्या मनात दिला. अर्धा चोथा पुरला, अर्धा पोत्यात भरला आणि गुरुवारी सकाळी दोन्ही बैलांपुढे दोन-दोन घमेली ठेवली. बैलांनी घमेली चाटूनपुसून लख्ख केली!

दहा वाजता मिरवणूक निघाली. पुढे डफडे, मागे शिट्टीवाल्या बाया, मधे बंडीतल्या गादीवर ठाणेदार साहेब आणि सगळ्यांच्या शेवटी डोमा जमादार साहेबांची रिकामी जीप घेऊन. पहिल्या वळणापर्यंत बैल राजासारखे चालले. मग लाल्याने पांड्याच्या मानेवर मान टाकली आणि दोघेही डावीकडे वळले. डावीकडे रस्ताच नव्हता! तिथे बायनाबाईची वांग्याची वाडी होती.

"पाटील, बैल कुठे चालले?" साहेबांनी टोपी सावरत विचारलं.

"साहेब, गाव दाखवून राह्यले तुमाले!"

वांगी दाखवून झाल्यावर बैलांनी उकिरडा दाखवला. चौकात येताच पांड्या मटकन खाली बसला, बंडी पुढे कलली आणि ठाणेदार साहेब गादीसकट घसरत थेट इस्तारीच्या मांडीवर आले. इकडे लाल्याला धन्याचा उमाळा आला. मान वळवून तो अख्ख्या गावासमोर पाटलाची मिशी चाटू लागला!

साहेब उठले. त्यांनी नाक वर करून हुंगलं.

"वास येतोय."

डफडे थांबले. इस्तारीच्या तोंडचं पाणी पळालं.

"जमादार! जीपमधलं फुंकायचं यंत्र आणा. गावातले सगळे पुरुष रांगेत!"

वच्छलाचा चेहरा उतरला. दोन वर्षांची मेहनत आता एका फुंकरीवर आली होती. माणसं एकेक करून फुंकू लागली. यंत्र गप्प. मग लटारू पुढे आला. हा बायनाबाईचा नवरा, एके काळी घरचे पाणी भरायचे पितळेचे गुंड विकून पिणारा. बायनाबाईने डोळे गच्च मिटले. लटारूने फुंकलं.

यंत्र गप्प!

"आणखीन एकदा फुंकू का जी?" लटारूने ऐटीत विचारलं. बायनाबाई हसता हसता रडायला लागली आणि तिच्याकडे बघून अर्ध्या बायांनी पदर डोळ्यांना लावले.

चौसष्ट माणसं झाली. शेवटी इस्तारीनेही फुंकलं. यंत्र गप्पच!

"मग वास कोणाचा?" साहेब चक्रावले.

तेवढ्यात लाल्याने डोमा जमादाराच्या हातातल्या यंत्रापाशी तोंड नेऊन एक लांबलचक ढेकर दिला. यंत्र असं किंचाळलं की झाडावरचे कावळे उडाले!

वच्छलाने नवऱ्याकडे पाहिलं. "चोथा पुरला होता ना तुमी?"

"अर्धा..." पाटील पुटपुटला.

"मुद्देमाल बैलाला चारला?" साहेबांचा चेहरा लाल झाला. सगळ्यांना वाटलं, आता पाटलाची नोकरी गेली. पण साहेब गादीवर बसले आणि पोट धरधरून हसले. डोळे पुसून मग म्हणाले, "पाटील, हे कुठल्या कलमात लिहू? पण सांगतो, न कळवता चौसष्ट माणसं तपासली आणि एकही सापडला नाही, असं गाव मी पाहिलं नाही! वच्छलाबाई, बायनाबाई, फलक तुम्हीच लावा."

जीपमधला फलक दोघींनी वेशीवर लावला आणि डफडे पुन्हा कडाडले. बाया शिट्ट्या वाजवत नाचल्या. त्या गडबडीत इस्तारी हळूच जीपमागे सरकत होता, तोच वच्छलाची शिट्टी वाजली.

"साहेब, एक काम राह्यलं! हे एक जीव म्हनाले होते. हे तं दोन झाले!"

धनराजच्या कटिंगच्या दुकानातून खुर्ची आली. नव्या फलकाखालीच तेवीस वर्षांची मिशी उतरली. टेबल नव्हतं, म्हणून कागदाच्या पुडीत बांधून जीपच्या बोनेटवर ठेवली.

संध्याकाळपर्यंत बैलांची उतरली. इस्तारी वैरण घेऊन गोठ्यात गेला. लाल्याने त्याचा गुळगुळीत ओठ हुंगला, फुर्रर्र केलं आणि शिंगं रोखली.

"लाल्या, मी आहो रे! मी!"

लाल्या मागे हटेना. शेवटी वच्छलाने येऊन कासरा धरला.

"पाह्यलं का? झिंगला होता तवा चाटत होता, अन् शुद्धीवर आला तं वळखत नाई!"

तेव्हापासून बैलांना वैरण वच्छलाच घालते. मिशी उगवेपर्यंत पाटलाला गोठ्याबाहेरच उभं राहावं लागतंय!