तीन कोटेशनं आणि एक करडू

बिराप्पाला झाड तोडता येत होतं, दर सांगता येत नव्हता. तोडायचं बाप शिकवून गेला होता. दर सांगायची वेळ जतकडच्या त्यांच्या वाडीवर कधी कुणावर आलीच नव्हती. तिकडं रीत सरळ. बाभळ मालकाची, पाला मेंढक्याचा. मेंढक्यानं फांद्या उतरवायच्या, शेळ्यांपुढं टाकायच्या आणि जाण म्हणून मालकाच्या दारात एक करडू बांधून यायचं. आता यात दर कुठं बसवणार?

पण बिराप्पानं धंदा काढला होता. आईच्या, म्हणजे हरणाबाईच्या, कळपातल्या सहा शेळ्या विकून त्यानं पेट्रोलवर चालणारी करवत आणली, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "पैल्या कामाचं पैसं माझ्या हातावर ठेव. न्हाई ठेवलंस, तर यंत्र दुकानात आन् तू मेंढरामागं." बाई शब्दाची लय पक्की. बिराप्पानं आठ वर्षं मेंढरांची मागची बाजू बघितली होती. आता त्याला माणसांची पुढची बाजू बघायची हौस होती.

ती बाजू मिरजेतल्या एका सोसायटीचे सचिव लालासाहेब यांच्या रूपानं समोर आली. सोसायटीच्या मागच्या जागेत दोन सुबाभळी, तारेवर आलेली गुलमोहराची फांदी आणि कमरेएवढी घाणेरी माजली होती.

"काय घेणार?" लालासाहेबांनी विचारलं.

"तुमीच द्या की समजून."

"समजून देण्याची तरतूद नाही." लालासाहेब सरकारी खात्यात तेहतीस वर्षं काढून निवृत्त झाले होते, घरात दूध तापवायचं तरी बायकोला आधी टिपणी ठेवावी लागे. "लेखी द्या."

बिराप्पानं भिंतीला टेकून हिशेब केला. पेट्रोल, दोन दिवसांची मजुरी, कचरा न्यायला ट्रॉली, आणि हातपाय शाबूत राहिले तर त्याचे थोडे. साडेतीन हजार झाले. उगीच वाढवलं नाही, उगीच पाडलं नाही.

"छान. आता आणखी दोन कोटेशनं आणा," लालासाहेब म्हणाले.

"कुनाची?"

"तुमच्या प्रतिस्पर्ध्यांची. स्पर्धा निकोप पाहिजे."

"मला प्रतिस्पर्धी न्हाईत, साहेब."

"मग तयार करा. सगळेच करतात."

पप्पूच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रतिस्पर्धी तयार करून मिळत. पप्पूनं एक कोटेशन स्वतःच्याच नावानं पाच हजार दोनशेचं टाकलं. तिसरं हरणाबाईच्या नावानं करायचं ठरलं. "आकडा तू बघून घाल, अंगठा मी आणलाय," असं सांगून बिराप्पा चहाला गेला. आणि नेमका त्याच दिवशी पप्पूला प्रामाणिकपणाचा झटका आला. त्यानं हरणाबाईंना फोन लावला, "काकू, झाड तोडायचं काय घेनार?"

"तोडायचं पैसं कुनी घेतं व्हय रं? पाला आमचा. वर मालकाला एक करडू देऊ."

पप्पूनं शब्दन् शब्द टाइप केला, पाकीट चिकटवलं. अंगठाही वाडीवर कोऱ्या कागदावर आधीच उठला होता.

पाकिटं रीतसर सभेत फुटली. बिराप्पा साडेतीन हजार, पप्पू पाच हजार दोनशे, हरणाबाई उणे एक करडू. लालासाहेबांचा चष्मा ओला झाला. ठेकेदारानंच खात्याला काही द्यावं, तेही उघड, लेखी, ही गोष्ट त्यांनी तेहतीस वर्षांत पाहिली नव्हती. कार्यादेश हरणाबाईंच्या नावे निघाला.

बिराप्पा रडकुंडीला आला. "आये, माजा धंदा बुडवलास की गं."

"अंगठा दिलाय," आई म्हणाली. "करडू जाईल, आन् काम बी व्हईल."

काम अर्थातच बिराप्पानं केलं. मोबदल्यात ठेकेदारीणबाईंनी दोन्ही वेळची भाकरी दिली. शेळ्यांनी सुबाभूळ फस्त केली, घाणेरीचा वास घेतला आणि तोंड फिरवलं. ती न्यायला ट्रॉली बिराप्पाच्या खिशातून आली. शेवटी त्याच्या हातात पडला तो काम समाधानकारक झाल्याचा दाखला. तोच त्यानं आईच्या हातावर ठेवला. तिनं उलटसुलट करून बघितला.

"यात माजी बी चूक हाय," ती म्हणाली. "आनखी एक काम बघ. यापुढं मी अंगठा देनार न्हाई. पर पैसं आलं न्हाईत, तर मेंढरं हायतच."

तिकडं करडाची सोसायटीच्या डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टेबलखुर्च्यांच्या वहीत, नोंद झाली, पाठीवर हिरव्या रंगात क्रमांक पडला. रजिस्टर काही खात नव्हतं, करडू मात्र खात होतं. मागची जागा तर साफ झालेली. करडू सचिवांच्या खिडकीखाली दिवसभर ओरडू लागलं, तेव्हा पाल्यासाठी पुढच्या अंगणातला कडुलिंब छाटायचा ठराव एकमतानं झाला. बिराप्पाला बोलावणं गेलं.

"साडेतीन हजार," तो म्हणाला.

"तीन कोटेशनं," लालासाहेब म्हणाले.

एक बिराप्पाचं, एक पप्पूचं. हरणाबाई अंगठा पदराखाली धरून बसल्या होत्या. तिसरं आणायचं कुठून, यावर सभा तीन तास चालली आणि शेवटी लालासाहेबांना तुम्ही आठवलात.

हो, तुम्हीच. मघाशी साडेतीन हजार वाचलंत तेव्हा मनात म्हणालात ना, एवढ्याशा कामाला? दोन हजारांत होतंय की. समितीनं ते ग्राह्य धरलंय. सर्वांत कमी तुमचंच भरलं, सबब कार्यादेश तुमच्या नावे निघालाय. सोमवारी सकाळी सातला मिरजेत हजर व्हा. ट्रॉली तुमची, पडलात तर दवाखाना तुमचा. करवत नसेल तर बिराप्पा भाड्यानं देईल. भाडं साडेतीन हजार, आगाऊ. ते हरणाबाईंच्या हातावर ठेवायचं, आणि त्या मोजून घेतात.