निघून राहिलो

माणूस ज्या राज्यात राहतो ते राज्य सोडून बाकी सगळा देश त्याने पाहिलेला असतो, हा पर्यटनाचा पायाभूत नियम आहे. रायपूरच्या चौबे कॉलोनीतलं आमचं कुटुंब तो तीन पिढ्या काटेकोर पाळत आलं आहे. (उटी दोनदा. सिरपूर शून्य वेळा. सिरपूर दोन तासांवर आहे.)

नियम मोडायची वेळ शाळेमुळे आली. आमची साडेपाच वर्षांची पोट्टी, इरावती, हिला सोमवारी वर्गात चित्र काढायचं होतं: 'मी स्वतः पाहिलेलं ऐतिहासिक स्थळ'. 'स्वतः'खाली मॅडमनी दोन रेघा मारल्या होत्या. (मॉल धरत नाहीत. मी विचारलं.)

"सबने कुछ देखा है मम्मा, सिर्फ मैंने नहीं," पोट्टी म्हणाली, आणि जेवली नाही.

सबब रविवारी संपूर्ण राज्याचा दौरा ठरला. छाननीत रतनपूर आणि मल्हार गळाले, कारण रस्ता सिलतऱ्याच्या कारखान्यांवरून जातो. धुरासाठी काचा बंद कराव्या लागतात आणि काचा बंद केल्या की पोट्टी ओकते. भोरमदेव गळालं, कारण तिथे तलाव आहे आणि तलावात पाणी असतं. उरलं सिरपूर. तिथली नदी मंदिराला चिकटून नाही, असं माझ्या नवऱ्याने, स्वानंदने, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं.

वेळापत्रक सासऱ्यांकडे, कारण ते रेल्वेतून रिटायर झालेत. सुटणे ६.४०. आरंग ७.३२, थांबा नाही. सिरपूर ८.२५. लक्ष्मण मंदिर, हॉल्ट चौदा मिनिटं.

"बाबा, चौदा मिनिटांत मंदिर?"

"बहू, चौदा मिनिटांत पूरी गाडी पाणी भरते. तुले एक देऊळ पाहाले किती लागते?"

सुरक्षा विभाग माझ्याकडे. सामान पुढीलप्रमाणे: उकळलेलं पाणी, अकरा लिटर, थर्मामीटर दोन (एक खोटं बोलला तर), ओकारीच्या पिशव्या नऊ (जाताना पाच, येताना चार, तोवर पोटात फार उरत नाही), वाटेतल्या सगळ्या दवाखान्यांची यादी, अंतरानुसार, आणि खिशात ठेवायला एक कांदा, ऊन लागू नये म्हणून.

रविवारी ६.४० ला गाडी गेटमध्ये उभी होती. बाबा पाच वाजेपासून बूट घालून बसले होते. ६.५२ ला पोट्टी शिंकली. एकदाच. मी अर्धा तास निरीक्षणासाठी मागितला. पहिला थर्मामीटर अठ्ठ्याण्णव म्हणाला, दुसरा नव्व्याण्णव. निकालासाठी तिसरा आणणं क्रमप्राप्त होतं आणि मेडिकल दहाला उघडतं. बाबांनी कागदावर 'लेट रनिंग' लिहिलं.

"कुछ नहीं होता यार, बैठो तो," स्वानंद स्टिअरिंगवरून म्हणाला. (त्याला कधीच काही होत नाही, म्हणून तर मला बघावं लागतं.)

तेवढ्यात पुण्याहून मावसबहिणीचा, ज्ञानदाचा फोन.

"काय गं, निघालात का?"

"निघून राहिलो."

"म्हणजे? निघालात, की राहिलात?"

पुण्याच्या लोकांना व्याकरण समजावून सांगण्याइतका वेळ प्रवासाच्या दिवशी नसतो. आमच्याकडे निघणारा माणूस निघूनच राहतो. क्रिया चालू असते, जागा बदलत नाही.

साडेअकराला कांदा भाजीत घातला.

बाबांनी कागदावर 'निरस्त', म्हणजे गाडी रद्द, असं लिहून सही केली. "अडतीस वर्षं सगळ्याइले पोहोचवलं," ते म्हणाले, "मीबी कुठं पाहिलं सिरपूर?" आणि बूट काढायला वाकले. त्यांना जरा वेळ लागला.

सोमवारी पोट्टीने चित्र काढलं: गेट, गाडी, नऊ पिशव्या आणि बूट घातलेले आजोबा. पहिला नंबर आला. मॅडमनी शेरा दिला, 'तपशील अचूक, स्वतः पाहिल्याचं जाणवतं.' स्थळ किती जुनं आहे, असंही त्यांनी विचारलं होतं.

"मेरे पैदा होने के पहले से," पोट्टीने सांगितलं. "हम लोग तब से निकल रहे हैं."

तुम्ही हसलात, हरकत नाही. पण हे वाचायला तुम्हाला निवांत वेळ मिळाला, त्याअर्थी तुम्हीही घरीच आहात. दोन तासांवर काय पाहायचं राहिलंय, ते मी विचारत नाही. घरातलं कोणी बूट घालून बसलंय का, तेवढं जरा बघून या.