करखात्यात ‘येतो’ म्हणू नये

सरकारी खिडकीशी कसं बोलावं, हे मला विचारा! परमुलखात मी उभी हयात लोकांची घड्याळं दुरुस्त केली, पैचाही कर बुडवला नाही. म्हणून देश सोडताना लागणारा ‘बाकी नाही’चा दाखला चहा निवायच्या आत आणतो, असं मी छाती फुगवून सांगितलं. दाखल्याशिवाय विमानात पाऊल ठेवू देत नाहीत, आणि विमान त्याच संध्याकाळचं! मायदेशी दादा अंथरुणाला खिळलेला. फोनवर एकच विचारायचा, “निघालास का रे?”

बायको सोबत आलीच. खिडकीत एक बाई, बाईंपुढे एक काळी डबी. आमचं मराठी डबी त्यांच्या भाषेत सांगायची, त्यांचं आम्हाला मराठीत.

डबी म्हणाली, “आपण हा देश कायमचा सोडत आहात का? तोंडी जाहीर करा.”

“हो, येतो आम्ही!”

बाईंचं पेन थांबलं. “येता? मग दाखला कशाला?”

“अहो, येतो म्हणजे जातो!”

डबीनं घसा खाकरला. शपथेवर सांगतो, खाकरला!

बायकोनं माझं कोपर ओढलं. “निघताना जातो काय म्हणता? तिकडे दादा आजारी, आणि यांचं आपलं जातो! जातो म्हणणारा माणूस वर जातो, कळतं का?”

डबीनं हेही बाईंच्या कानावर घातलं. बाईंचा चेहरा उजळला. “वर जायचंय होय! मग इथे का उभे? जिना तिकडे.”

वर मऊ गालिचा, फुलदाणी, कागदी रुमालांचा खोका आणि कुजबुजत बोलणारे एक साहेब. दारावरची पाटी आम्हाला वाचता आली असती तर पुढचं घडलंच नसतं. ते मयत करदात्यांचं खातं होतं!

साहेबांपुढेही डबी. “कोण गेलं?” त्यांनी हळुवारपणे विचारलं.

“अजून कोणी नाही,” बायको म्हणाली. “हे आज संध्याकाळी निघणार.”

साहेबांनी चष्मा काढला. “आजच? नक्की?”

“नक्की म्हणजे काय! भांडीकुंडीसुद्धा वाटून टाकली.”

“फार त्रास होतो का?”

“गुडघ्यांचा,” मी म्हणालो. “पण एकदा तिकडे पोचलो की बरं वाटेल. मोठा भाऊ वाट बघतोय.”

“आणि बाई, तुम्ही आता एकट्या...”

“एकटी कशाला राहू? मीही यांच्याबरोबरच निघणार!”

साहेबांनी खोक्यातला एक रुमाल आम्हाला दिला, दोन स्वतःला घेतले. दोघांच्या दाखल्यांवर शिक्के मारले आणि मान खाली घालून उभे राहिले. एवढा हळवा सरकारी माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. दाराशी वळून मी हात जोडले.

“येतो हं, साहेब!”

डबीनं इमानेइतबारे सांगितलं. साहेब पांढरेफटक पडले. खुर्ची ढकलत भिंतीपर्यंत मागे सरकले आणि डबी थरथरत्या आवाजात म्हणाली, “माझ्याकडे? का?”

बायकोनं मला जिन्याकडे ढकललं. “दाखला पदरात पडलाय! आता इमारतीबाहेर पडेपर्यंत तो शब्द काढाल तर खबरदार!”

इतक्यात खिशातला फोन वाजला. दादा. आवाज पार खोल गेलेला.

“काय रे, येतोस ना?”

“हं,” मी म्हणालो.

“नीट सांग की! येतोस ना?”

“हं हं.”

“अरे, बोलत का नाहीस?”

बायकोचं बोट माझ्या ओठांवर. अख्खा जिना मी नुसता हुंकारत उतरलो. आणि तिकडे दादा उठून बसला! म्हणे, आजारी मी नाही, धाकटा आहे. त्याला आणायला विमानतळावर कोणीतरी जायला हवं.