हौसामावशींचा तळहात

उंदीर क्रमांक सतराला टोचलेल्या औषधापैकी अकरा टक्के हौसामावशींच्या उजव्या तळहातात सापडलं.

हौसामावशी धेंडे आमच्या संस्थेच्या प्राणीगृहात एकतीस वर्षं पिंजरे साफ करत होत्या. माझं काम सोपं होतं. कॅन्सरची गाठ वाढवलेल्या उंदराला किरणोत्सारी कण चिकटवलेली अँटीबॉडी टोचायची आणि ती गाठीत किती गेली, यकृतात किती, रक्तात किती, ते मोजायचं. आधी जिवंतपणी स्कॅन, मग गुरुवारी उंदीर मारून एकेक अवयव वजन करून किरणोत्सर्ग मोजणाऱ्या काउंटरमध्ये. बेरीज शंभर यायला हवी. सतराच्या स्कॅनमध्ये एकोणनव्वद आली. पिंजऱ्यातला भुसा तपासला, त्यात काही नव्हतं. संध्याकाळी दारातलं तपासणी यंत्र मावशींच्या हातावर वाजलं. हात तीनदा धुतला. तरी अकराच.

माझे पीएचडीचे गाइड श्रोत्री सर म्हणाले, अकरा टक्के यकृताच्या रकान्यात घाल. तीस वर्षं ते हरवलेले टक्के यकृतातच घालत आलेत. त्यावर त्यांना दोन पुरस्कार आणि एक शाल मिळालीय. मी घातले नाहीत. प्रकरण संस्थेच्या प्राणी-प्रयोग समितीकडे गेलं.

समितीत पाच म्हातारे होते, त्यातले दोन जागे. अध्यक्षांनी मावशींना विचारलं की हे औषध तुमच्याकडे आलं कसं.

"टोचल्यावर तो थरथरतो, साहेब. थांबेस्तोवर धरून बसते."

"सगळ्यांनाच धरता?"

"सगळ्यांनाच. पण ह्यो लवकर थांबत न्हाई."

अध्यक्षांनी ते लिहून घेतलं. नियमानुसार प्राण्याला दिलेलं औषध जिथे पोचतं तो त्या प्राण्याचा अवयव. म्हणजे तळहात सतराचा. सरांनी लगेच सुचवलं की मग गुरुवारी तोही काढावा. मावशींनी रजेचा अर्ज लागेल का, एवढंच विचारलं.

"आधी तुमचं यकृत मोजू, सर," मी म्हणालो. "बरंच काही सापडेल."

हे इतिवृत्तात घेतलं गेलं नाही. सगळे अवयव एकाच बैठकीत काढायचे असतात, आणि हा अवयव संस्थेच्या कायम सेवेत असल्यामुळे काढता येत नव्हता. गुरुवार रद्द झाला. मावशी पिंजऱ्यापाशी जाऊन बसल्या.

महिनाअखेरीला त्या निवृत्त झाल्या. अवयवाने प्राण्यापाशी राहायचं की प्राण्याने अवयवासोबत जायचं, यावर पुन्हा बैठक झाली. दोघांची वजनं केली. सतरा बावीस ग्रॅम, मावशी बावन्न किलो. हलक्याने जड भागासोबत जावं असं ठरलं. झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यातून सतरा रिक्षाने मावशींच्या घरी गेला.

पाचव्या आठवड्यात मावशींचा फोन आला.

"थांबला थरथरायचा," त्या म्हणाल्या. "हातातच होता."

तोवर मी पीएचडी सोडली होती. तरी मावशींना आणि डब्याला घेऊन संस्थेत गेलो. उंदीर मोजला. गाठीत शून्य, रक्तात शून्य, यकृतात शून्य. मग मावशींचा हात काउंटरपुढे धरला आणि मधल्या दिवसांत किरणोत्सर्ग आपोआप जेवढा घटतो, ती घट हिशेबात घेतली.

शंभर टक्के.

सरांनी तळहाताचा रकाना दोनदा वाचला आणि सही केली. मावशींनी मूठ मिटून घेतली.