तिसरा गज

टण् असा आवाज आला आणि मग स्टीलची वाटी खालच्या फरशीवर बराच वेळ गरगरत राहिली. दुपारची वेळ. घर इतकं शांत होतं, की संयोगितानं चार वर्षांत पहिल्यांदाच गरम चहा गरम असताना तोंडाला लावला होता.

"पुनी, काय पडलं गं?"

"वाटी," गॅलरीतनं उत्तर आलं. वाटीचं गरगरणं थांबलं. मग, "आई, वाटी बघायला गेलतो. माझं डोकं भाईरच ऱ्हायलं."

संयोगितानं कप ठेवला आणि धावली. पुनीचं धड गॅलरीत होतं, फ्रॉकसकट. डोकं मात्र कठड्याच्या दोन गजांमधून पार मंगळवार पेठेच्या गल्लीवर निघालं होतं. जाताना कान मागं दुमडून गेले होते. परत येताना ते आडवे आले.

महिन्यापूर्वी हे घडलंच नसतं. संयोगिताचे सासरे बाळासो यांच्या आजोबांनी शंभर वर्षांपूर्वी हे घर बांधलं, तेव्हा गॅलरीला घडीव लोखंडाचा कठडा बसवला. वर वेलबुट्टी, आणि प्रत्येक गजाच्या मध्यावर नक्षीची एक लोखंडी बांगडी. घराची रीत अशी, की लग्न निघालं की कठड्याला ऑइल पेंटचा एक हात मारायचा. जुना रंग खरवडायचा नाही; शुभकार्यात खरवडणं बरं दिसत नाही. एकोणीस लग्नं झाली, एकोणीस रंग चढले. पोपटी, चंदेरी, निळा, पुन्हा चंदेरी. वेलीची पानं कणकेच्या गोळ्यांसारखी दिसू लागली.

गेल्या दसऱ्याला समोरच्या घरावर 'वारसा वास्तू' अशी पितळी पाटी लागली आणि साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या बाळासोंची झोप उडाली. त्यांनी अर्ज केला. 'सदर कठड्यास शंभर वर्षांत कोणाचाही हात लागलेला नाही' हे वाक्य लाल पेनानं अधोरेखित केलं. मग गडमुडशिंगीचे शमशुद्दीन लोहार आले आणि महिनाभर बसून त्यांनी एकोणीस लग्नं खरवडून काढली. लोखंड उघडं पडलं, काळं आणि देखणं. गजांमधली फट दोन सुतांनी, म्हणजे पाव इंचानं वाढली. पुनीच्या डोक्याला नेमकी तेवढीच दोन सुतं हवी होती.

आणि आज समिती पाहणीला येणार होती.

बाळासो कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. आधी त्यांनी गज पाहिला, मग नात पाहिली.

"वाकला न्हाय नव्हं?"

"मामा, पोरगी अडकलीया."

"ते बी दिसतंय की मला."

अंगणात हत्यारं गोळा करणारे शमशुद्दीनचाचा वर आले. वाकून बघितलं आणि हळूच म्हणाले, "बाळासो, तिसरा गज हाय."

"मोजता येतंय मला."

"म्हणूनच म्हणालोय. सांगू का?"

"गप बस जरा."

तोवर समोरच्या धोंडुबाई गोडेतेलाची वाटी घेऊन आल्या. "आमच्या थोरल्याचा हात बरणीत अडकलता, तवा तेलानंच सुटला," म्हणत त्यांनी पुनीच्या डोक्यावर अख्खी वाटी रिकामी केली. डोकं चकाकू लागलं. कान जिथल्या तिथं. खाली दोन मोटारसायकली थांबल्या.

"ग्राइंडर आणू काय?" एकानं वर तोंड करून विचारलं. "दोन मिंटाचं काम."

"पावणं, तुम्ही तुमच्या वाटंनं जावा," बाळासो म्हणाले. "शंभर वर्षाचं लोखंड हाय ते."

"आन् पोरगी?"

"ती चार वर्षाची हाय."

संयोगितानं सासऱ्यांकडं असं बघितलं, की शमशुद्दीनचाचांनीच नजर खाली घातली. "मामा, कापायला सांगा. पाटी गेली खड्ड्यात."

"अगं, अर्धा तास. समिती बघंल, जाईल, मग काय ते करू. पोरगी रडती तरी का?"

पुनी खरंच रडत नव्हती. गल्लीतलं कुत्रं, आइस्क्रीमची गाडी, चपला सांधणारे आजोबा, सगळं तिला पहिल्यांदाच असं वरून दिसत होतं. बाळासोंनी तेवढ्यात पाहुण्यांसाठी आणलेलं झेंडूचं तोरण कठड्याला बांधलं आणि उरलेला वेढा नातीच्या गळ्याभोवती नीट बसवला.

"मामा, काय करायलाय हे?"

"लांबनं शोभंला घातल्यागत वाटंल."

समिती अर्धा तास आधीच आली. तिघं होते. अध्यक्षांच्या गळ्यात भिंग होतं. ते रस्त्यावरच थबकले.

"अप्रतिम," ते सोबतच्यांना म्हणाले. "असे मानवी मुखवटे आता कुठं राहिलेत? लिहून घ्या."

"आई," मुखवटा म्हणाला, "शू आलीया."

वर आल्यावर अध्यक्षांनी पुनीभोवती एक फेरी मारली, टेपनं फट मोजली आणि कागद चाळले. "कापता येणार नाही. मूळ भागाला इजा झाली की अर्ज बाद, असा सातवा नियम आहे."

"आणि पोरीचं काय?" संयोगितानं विचारलं.

त्यांनी पुन्हा कागद चाळले. "त्याबद्दल काही दिलेलं नाही."

पुनीचा खालचा ओठ थरथरला. संयोगिता तिच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. त्या इवल्या पाठीत आलेला हुंदका आधी तिच्या हाताला कळला, मग ऐकू आला.

"आबा, मला काढा की."

बाळासो एकदा अध्यक्षांकडं बघत होते, एकदा समोरच्या घरावरच्या पाटीकडं. मग गुडघे कटकन वाजवत ते खाली बसले. शर्टाचं टोक गुंडाळून तिसऱ्या गजाची बांगडी मुठीत पकडली आणि डावीकडं पिळली. ती करकरली आणि फिरू लागली. चार वेढ्यांत गजाचे दोन तुकडे झाले. खालचा तुकडा बाळासोंनी खोबणीतून उपसला. पुनीचं डोकं तेलासकट, झेंडूसकट, दोन्ही कानांसकट आत आलं.

अध्यक्षांचं गळ्यातलं भिंग डोळ्याशी गेलं.

"हा गज फिरतो?" अध्यक्षांनी विचारलं.

"फिरतो. मी पाच वर्षाचा हुतो, तवा माझंच डोकं हितं अडकलतं. ह्या शमशुद्दीनच्या वडलांनी गज कापला आन् बांगडीला आतनं आटे पाडलं. म्हणालं, ह्या घरातलं कुणीतरी परत डोकं घालणारच. पुढं रंग चढत गेला, फट बारीक झाली." ते हातातल्या तुकड्याकडं बघत राहिले. "अर्जात तेवढं लिवायचं ऱ्हायलं."

"आन् महिनाभर मला गप बसवलंय," शमशुद्दीनचाचा म्हणाले.

संयोगिताच्या तोंडाशी बरंच काही आलं होतं. पण पुनीची निकड मोठी होती. तिनं तिला उचललं, मोरीकडं पळताना तिच्या तेलकट केसांत नाक खुपसलं आणि सासऱ्यांशी बोलायचं ते नंतरसाठी ठेवलं.

समितीनं बाजूला जाऊन पोहे खाता खाता चर्चा केली. मग अध्यक्षांनी निकाल सांगितला. फिरता गज म्हणजे मूळ रचनेतली ढवळाढवळ. मात्र बांगडी वेल्डिंग करून कायमची बंद केली, आणि यापुढं कठड्याला रंग लावला नाही, तर कठडा मूळ स्वरूपात आहे असं धरता येईल.

"म्हंजे माझ्या बाचं काम नवं, आन् माझं वेल्डिंग जुनं," शमशुद्दीनचाचा म्हणाले. बाळासो तर लगेच हो म्हणाले होते.

आठव्या दिवशी पाटी आली. समोरच्या घराच्या पाटीपेक्षा बोटभर मोठी. खाली गल्लीत धोंडुबाईंसकट माणसं जमली. शमशुद्दीनचाचांनी काळा चष्मा लावला, आणि तिसऱ्या गजावर निळ्या ठिणग्या उडाल्या. संयोगितानं कडेवरच्या पुनीचे डोळे पदरानं झाकले. पदर बाजूला झाल्यावर पुनीनं हात लांब करून तापलेल्या बांगडीकडं बोट दाखवलं.

"आई, ती आता फिरत न्हाय?"

"न्हाय गं."

पुनीनं दोन्ही हातांनी आपले कान चाचपले. मग आजोबांकडं बघितलं. ते रुमालानं पाटी पुसत होते.

"मग परत अडकलो तर आबांनी काय फिरवायचं?"