सात नियम आणि एक प्रस्तावना

चिटणीसांच्या पत्राला नानांनी तीन आठवडे उत्तर दिले नव्हते. पत्र दोनच ओळींचे होते : 'वाचनालयाचे नियम ब्लॉकचेनवर चढवायला ठरल्याच्या नऊपट खर्च कसा आला? मधले पैसे आपल्या सूनबाईंनी ठेवून घेतले, असे सभासद उघड बोलत आहेत.'

हे नियम म्हणजे स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, ब्लॉकचेन नावाच्या सामायिक संगणकी वहीत चढवलेला करार. पुस्तक उशिरा आले की दंड आपोआप कापणार, आणि एकदा चढले की कुणाला खोडता येणार नाही. सुनेने हे काम फुकट केले होते. मजकूर तेवढा नानांनी टंकून दिला. चाळीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासलेला माणूस. त्याचा मजकूर तिने तपासला नाही. चढवताना यंत्रणेने मागितली ती फी वाचनालयाच्या खात्यातून भरली.

रविवारी ती जादा खर्चाचे कारण पुन्हा शोधायला बसली. शेजारी स्टुलावर नाना.

"दर वाढले नव्हते. कोडही चोख आहे. नाना, हे सापडलं नाही तर मला लोकांना तोंड दाखवायची सोय नाही."

नानांनी घसा खाकरला. "मजकूर लांबला तर काही होतं का गं?"

"अक्षरागणिक पैसे पडतात. त्यात आपलं एक मराठी अक्षर तीन इंग्रजी अक्षरांची जागा खातं. पण नियम सातच ना?"

"सातच."

तिने मजकूर उघडला. पहिला नियम दिसायला बराच वेळ खाली सरकावे लागले.

"हे काय आहे?"

"प्रस्तावना," नाना पुटपुटले. "आणि ऋणनिर्देश. तळटीपा थोड्याच आहेत."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही. जन्मभर दुसऱ्यांच्याच तपासल्या. वाटलं, एक आपली…"

"वाचणार कोण ती? यंत्र?"

"मग काढून टाक ना."

"आता जगबुडी झाली तरी निघायची नाही!"

नानांना क्षणभर आनंद झाला, आणि त्या आनंदाची त्यांना फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पोस्टातल्या बाईंनी त्यांचा लिफाफा काट्यावर ठेवला.

"आजोबा, वजन जास्त भरतंय. तिकिटं वाढवा, नाहीतर पानं कमी करा."

नाना बाजूला झाले. अकरा पाने होती. पहिल्या दहांत वाचनालयाचा इतिहास, चिटणीसांच्या कार्याचा गौरव आणि स्वतःच्या अपात्रतेचे सविस्तर विवेचन होते. ती दहा त्यांनी खिशात घातली. अकराव्यावर एकच वाक्य उरले : 'जादा खर्च माझ्या प्रस्तावनेमुळे झाला, सून निर्दोष आहे, पैसे मी भरतो.'

"एवढंच?" लिफाफा पुन्हा तोलत बाईंनी विचारले.

"एवढंच होतं," नाना म्हणाले, आणि त्यांनी तो पेटीत टाकला.