मागे पडणारी कोंबडी

डोळे मिटा पाहू. मिटले? आता एका स्वयंपाकघराचं मागचं दार हळूच उघडा. बाहेर छोटंसं अंगण आहे, अंगणात लाकडी खुराडं आहे आणि खुराड्यात तीन कोंबड्या आहेत. काळी, तांबडी आणि ठिपकी. हात आत घालू नका हं, ठिपकी चोच मारते. दिसलं सगळं? मग आता डोळे उघडा, नाहीतर पुढची गोष्ट वाचणार कशी?

या घरातले बाबा घड्याळं दुरुस्त करत. त्यांना वेळेचं भारी वेड. शेजाऱ्याला शिंक आली तरी ते आधी मनगटाकडे बघत. कोंबड्यांनीही रोज ठरल्या वेळी अंडं घालावं, अशी त्यांची साधी अपेक्षा होती, आणि सगळा घोटाळा इथूनच सुरू झाला.

त्याचं असं आहे, कोंबडीला एक अंडं तयार करायला एक अख्खा दिवस आणि वर थोडा वेळ लागतो. म्हणजे आज न्याहारीच्या वेळी घातलं, तर उद्या न्याहारी उरकल्यावर आणि परवा त्याहूनही उशिरा. असं सरकत सरकत दुपार टळली, की ती एक दिवस सुट्टी घेते आणि मग पुन्हा सकाळपासून सुरुवात करते. जगातल्या समस्त कोंबड्यांचं हे असंच चालतं. पण बाबांना ते पटेना.

"ही ठिपकी रोज मागे पडतेय," ते म्हणत.

"अहो, कोंबडी आहे ती," आई म्हणे.

"म्हणून काय झालं? मागे पडणं ते मागे पडणंच."

पुढे तर ठिपकीनं अंडी घालणंच थांबवलं. तिची पिसं गळू लागली. मान उघडी पडली, शेपूट झिजलेल्या झाडूसारखं दिसू लागलं. दिवसभर ती आपल्या गवताच्या खोक्यात अंग चोरून बसे आणि कुणी जवळ गेलं की चोच उगारे. बाबांनी डोळ्याला भिंग लावून तिला पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि निकाल दिला, "बंद पडली. आता काही उपयोग नाही."

भिंतीपलीकडे खानावळ होती. खानावळवाले काका याच बातमीची वाट बघत होते. "मग द्या की इकडे! आमच्या पातेल्याला वेळेचं काही नसतं."

"न्या रविवारी," बाबा म्हणाले.

हे ऐकलं मुंगीनं. मुंगी म्हणजे या घरातलं शेंडेफळ. अंगापिंडानं एवढीशी, पण दिवसभर लगबग, म्हणून हे नाव. ठिपकी पिल्लू असताना मुंगीच्या बाहीत झोपायची. रडून उपयोग नव्हता, कारण बाबा रडण्याच्या वेळाही ठरवून देतील अशी मुंगीला भीती होती. मग तिनं डोकं चालवलं. उजाडायच्या आत उठली, फ्रीजमधून तांबडीचं एक अंडं घेतलं आणि खोक्यातल्या अंधारात हात घालून ठिपकीच्या पोटाखाली सरकवलं. ठिपकीनं बक्षीस म्हणून हाताला चोच मारली.

सकाळी बाबांना अंडं मिळालं. "अरेच्चा! पण हे इतकं गार कसं?"

"तिच्या अंगावर पिसं नाहीत ना बाबा," मुंगी म्हणाली. "आतून गारठली असेल."

बाबांनी विचार केला. मुद्द्यात दम होता.

दुसऱ्या दिवशी ठिपकीखाली दोन अंडी निघाली. मुंगी चक्रावली, कारण तिनं एकच ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी तीन! बाबांनी कपाळाला हात लावला. "आधी बंद होती, आता पुढे धावायला लागली!"

मजा अशी, की ठिपकी इतकी अंडी देत असूनही फ्रीजमध्ये अंडी वाढत नव्हती. बाबा खोक्यातली अंडी फ्रीजमध्ये ठेवत आणि सकाळपर्यंत ती पुन्हा खोक्यात जात. एकेक अंडं बिचारं किती वेळा घातलं गेलं, कोण जाणे!

बाबा मात्र दुकानात येईल त्याला सांगत सुटले. घड्याळाचा पट्टा बदलायला आलेली माणसं कोंबडीची कहाणी ऐकून जाऊ लागली. बातमी भिंतीपलीकडे पोचायला कितीसा वेळ लागणार? काका धावतच आले.

"घड्याळजी, मी ठिपकीला कापणार नाही हो! दिवसाला तीन म्हणजे माझ्या आम्लेटांची चिंताच मिटली. मी तिला गादीवर ठेवीन."

आता मात्र मुंगी पुरती अडकली. करायला गेली एक आणि झालं भलतंच. अंडी नाहीत म्हणूनही ठिपकी जाणार, अंडी फार म्हणूनही जाणारच! आणि तिकडे अंडं मिळालं नाही, की गादीवरून थेट पातेल्यात. पण आता अंडी ठेवायची थांबवावी, तरी तेच. बिचारीनं रविवारी पहाटेही एक अंडं सरकवलंच.

काका आले ते टोपली आणि तवा घेऊनच. "आधी चव बघू," म्हणून त्यांनी अंगणातच लहान शेगडी मांडली. घरातले आजोबाही गंमत बघायला खुर्ची घेऊन बसले. बाबांनी जादूगाराच्या थाटात ठिपकीला उचललं. खाली चार अंडी होती.

"चार!" काकांच्या तोंडाला पाणी सुटलं. त्यांनी एक अंडं उचललं आणि तव्याच्या काठावर आपटलं. टक्. पुन्हा आपटलं. टक्. कवच सोललं, तर आत गुळगुळीत, पांढरंशुभ्र, उकडलेलं अंडं!

काळी तेवढी एकदा कॉक् म्हणाली.

"आता ही शिजवूनच घालायला लागली?" काकांनी विचारलं.

आईनं पदर तोंडाला लावला. "अहो... ते माझं. म्हणजे मी ठेवलेलं. पोरीचं तोंड बघवेना हो. अंधारात डब्यासाठी उकडलेलं हाती आलं असेल."

"सूनबाई, तूसुद्धा?" आजोबा खुर्चीतच उडाले. "अगं, मला वाटलं मी एकटाच!"

"एक माझं," मुंगी पुटपुटली.

आई, आजोबा, मुंगी. तिघांच्याही हातावर चोचीचे लाल ठिपके होते. काकांनी बोटांवर हिशेब केला. "तीन झाली. मग हे चौथं कुणाचं?" त्यांनी ते वर धरलं. या घरातल्या कोंबड्यांची अंडी तपकिरी, आणि हे होतं पांढरं, विकतचं.

बाबांनी उजवा हात खिशात घातला. आजोबांनी तो ओढून बाहेर काढला. मनगटाजवळ ताजा लाल ठिपका!

"मी सगळ्यांना सांगून बसलो होतो," बाबा खाली बघत म्हणाले. "आज चाचपलं, तर खाली काहीच नव्हतं. ऐन वेळी घड्याळ अडलं, की... काटा जरा बोटानं सरकवावा लागतो."

"शाब्बास रे!" आजोबा म्हणाले. "म्हणजे तुझा नंबर सगळ्यांत पहिला!"

सगळे हसले. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी टोपलीचं झाकण उघडलं. "म्हणजे खरी अंडी शून्य. मग पहिलं बोलणं पक्कं. आणा तिला."

बाबांनी ठिपकीकडे बघितलं. शब्द दिलेला होता.

मुंगी पुढे झाली आणि तिनं ठिपकीला बाबांच्या हातातून घेतलं. "बाबा, इथं बोट लावा. मानेवर. हळू."

बाबांनी बोट लावलं. काहीतरी टोचलं. कातडीतून बारीक बारीक कोंब वर येत होते, एकमेकांना चिकटून.

"नवी पिसं आहेत ती," मुंगी म्हणाली. "रोज हात घालायची तेव्हा मला टोचायची. ती खाते ते सगळं आता पिसांना लागतंय. मग अंडी कशाची घालणार?"

बाबांनी आणखी एका कोंबावरून बोट फिरवलं.

"बाबा, तुमच्या टेबलावर घड्याळ उघडून ठेवलेलं असतं, सगळी चाकं सुटी. तेव्हा ते वेळ दाखवतं का?"

"छे! कसं दाखवेल?"

"मग ते बिघडलेलं म्हणून तुम्ही फेकून देता का?"

बाबांनी ठिपकीची उघडी मान पुन्हा एकदा बघितली, या वेळी भिंगाशिवाय. मग काकांकडे वळून म्हणाले, "माफ करा. दुरुस्तीला आलेला माल मी कुणाला देत नाही. धंद्याचा नियम आहे."

"आणि माझं आम्लेट?"

"दोन अंडी कच्ची आहेत अजून," आई घाईघाईनं म्हणाली. "ते विकतचं पण कच्चंच असेल. बसा ना!"

काका कुरकुरत बसले. तव्यावर तेल तापू लागलं, पण त्यांची नजर खुराड्याकडेच. "पण ही पुन्हा चालू कधी होणार?"

आणि मग मुंगीनं काय केलं माहीत आहे? तिनं ठिपकीला गवतावर ठेवलं, दाणे घातले, खुराड्याचं दार लावलं आणि त्याच्यापुढे स्टूल टाकून, बाबा दुकानात बसतात तशी पाठ वाकवून बसली. काकांनी पुन्हा विचारलं, "कधी गं?"

मान वर न करताच ती म्हणाली, "काम चालू आहे. उद्या या."